गिटारीतली खुळखुळ कुठून येते? स्क्रूला हात लावण्याआधी काय तपासावे

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही काही महिन्यांपूर्वी स्ट्रॅटोकास्टर पद्धतीची, तीन सिंगल कॉइल पिकअप (तारांचे कंपन विजेच्या संकेतात बदलणारे भाग) असलेली एक वापरलेली इलेक्ट्रिक गिटार घेतली. बोटांना सोपे जावे म्हणून तिच्यावरच्या १० नंबरच्या तारा काढून ९ नंबरच्या, म्हणजे थोड्या बारीक, लावल्या. पावसाळा सुरू झाल्यावर तिच्यात ‘आवाज येऊ लागला’. जाड तारांवर पहिल्या तीन-चार फ्रेटवर (नेकवरच्या, म्हणजे गिटारीच्या मानेवरच्या, धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) झणझण होते. पाचवी तार मोकळी वाजवली किंवा सहावी तार पाचव्या फ्रेटवर दाबली, की आत कुठेतरी काहीतरी खुळखुळते. ॲम्प सुरू असताना सतत एक गुणगुण असते आणि तारांवर हात ठेवला की ती कमी होते. एका दुकानात ट्रसरॉड (नेकच्या आतली, तिचा बाक ठरवणारी धातूची सळई) आवळून दिला, दुसऱ्या दुकानात ॲक्शन, म्हणजे फ्रेटपासून तारांची उंची, वाढवून दिली आणि तिसऱ्याने सगळे फ्रेट बदलावे लागतील असे सांगितले. आता फ्रेट बदलून घ्यावेत की गिटार विकून टाकावी, असे तुम्ही विचारले आहे.

तुम्ही लिहिले आहे त्यावरून तरी दोन्हींची गरज मला दिसत नाही. मी गेली बरीच वर्षे गिटारी दुरुस्त करतो आणि फ्रेट बदलण्याचा निर्णय मी सर्वांत शेवटी घेतो, कारण तो परत फिरवता येत नाही. गिटार मी हातात घेतलेली नाही, त्यामुळे खाली जे लिहितो आहे त्यातला काही भाग तुमच्या नेकवर, खोलीवर आणि वाजवण्याच्या पद्धतीवर अवलंबून राहील. तो जिथे अवलंबून आहे तिथे तसे सांगतो.

तुमची खरी अडचण अशी आहे की ‘आवाज येतो’ या एका शब्दाखाली तीन वेगळे आवाज एकत्र झाले आहेत, आणि तिन्ही दुकानदारांनी त्यांतला आपापल्या हाताला सोपा वाटलेला एकेक धरला. माझ्याकडे गिटार आली की मी चिठ्ठीवर ‘बझ’ हा शब्द लिहीत नाही. आवाज तोंडाने काढून दाखवा, असे मी मालकाला सांगतो. या बाबतीत आपली भाषा फार उपयोगी पडते, कारण तिच्यात प्रत्येक आवाजाला वेगळा शब्द आहे आणि लोक नकळत बरोबर शब्द वापरतात. तार फ्रेटला घासते तेव्हा लोक ‘झणझण’ म्हणतात. एखादा भाग सैल असतो तेव्हा ‘खुळखुळ’ किंवा ‘थरथर’ म्हणतात. विजेचा आवाज असतो तेव्हा ‘गुणगुण’ म्हणतात, आणि जॅक किंवा व्हॉल्यूमचे बटण खराब असते तेव्हा ‘करकर’. तुम्हीही तुमच्या प्रश्नात झणझण, खुळखुळ आणि गुणगुण हे तीन शब्द तीन ठिकाणी अचूक वापरले आहेत. म्हणजे अर्धे निदान तुम्ही आधीच केले आहे.

पहिली चाचणी सोपी आहे. ॲम्प बंद करा, गिटार नुसती वाजवा आणि आवाज येतो का ते ऐका. मग ॲम्प लावून ऐका. ॲम्प बंद असताना आवाज येत असेल तर तो गिटारीतच आहे आणि यांत्रिक आहे. ॲम्प लावल्यावरच येत असेल, तर तो वायरिंगमध्ये, ॲम्पमध्ये किंवा खोलीत आहे. खोली हा शब्द मी मुद्दाम लिहितो आहे. शोकेसची काच, ट्यूबलाइटची पट्टी, स्टीलच्या डब्याचे झाकण किंवा ॲम्पच्या मागचा सैल झालेला स्क्रू एखाद्या ठरावीक सुरावर अशी साथ देतो की ऐकणाऱ्याला ती गिटारच वाटते. अशा वेळी हेडफोन लावून वाजवावे. हेडफोनमध्ये आवाज आला नाही, तर गिटारीला दोष देण्याचे कारण उरत नाही.

उलट बाजूही लक्षात ठेवावी. ॲम्प बंद असताना तारांची थोडी झणझण ऐकू येते, पण ॲम्पमधून सूर स्वच्छ आणि पुरेसा लांब येतो, अशी स्थिती असेल तर ती दुरुस्त करायची की नाही ही आवडीची बाब आहे. तारा खाली ठेवून हलक्या हाताने वाजवणाऱ्या अनेकांच्या गिटारी अशाच असतात. जोरात, नेकच्या जवळ प्लेक्ट्रम मारणाऱ्याला तीच गिटार असह्य वाटते, कारण तार जितकी जोरात छेडावी तितकी ती रुंद हलते आणि तिला जागा जास्त लागते. डाव्या हाताचे बोट फ्रेटपासून लांब, मागे पडत असेल तरीही झणझण होते, आणि तो दोष गिटारीचा नसतो.

यानंतर आवाज कशाच्या मागे जातो, हे पाहायचे. तो एकाच तारेवर, सगळ्या फ्रेटवर येत असेल तर त्या तारेच्या सॅडलकडे (अंगावरच्या ब्रिजवर तार जिथे टेकते तो छोटा भाग), खुंटीकडे किंवा खुद्द तारेकडे पाहावे. तार मोकळी असतानाच येत असेल आणि दाबल्यावर जात असेल, तर नट (नेकच्या खुंट्यांकडच्या टोकाची, तारांच्या खाचा असलेली पट्टी) तपासावा. एखाद्या ठरावीक फ्रेटवरच येत असेल तर तो फ्रेट किंवा त्याच्या पुढचा फ्रेट तपासावा. आणि तो तारेच्याही मागे जात नसेल, फ्रेटच्याही मागे जात नसेल, फक्त सुराच्या मागे जात असेल, तर गिटारीवरचा एखादा भाग सैल आहे.

तुमची खुळखुळ या शेवटच्या प्रकारातली आहे असे मला वाटते, आणि त्याचा पुरावा तुमच्याच प्रश्नात आहे. मोकळी पाचवी तार आणि पाचव्या फ्रेटवरची सहावी तार हे दोन्ही एकच सूर आहेत: ‘ए’, म्हणजे ११० हर्ट्झ. तारा वेगळ्या आहेत आणि जागाही वेगळ्या आहेत, तरी खुळखुळ तीच आहे. प्रत्येक सैल भागाला स्वतःची एक कंपनसंख्या असते. तेवढ्याच वेगाने गिटार थरथरली की तो भाग जागा होतो आणि बाकी सुरांना गप्प राहतो. याची खात्री करण्याची एक पद्धत मी नेहमी वापरतो. सहावी तार अर्ध्या स्वराने खाली उतरवा. आता तोच ‘ए’ पाचव्या फ्रेटवर न येता सहाव्या फ्रेटवर येईल. खुळखुळ सहाव्या फ्रेटवर सरकली तर ती सुराच्या मागे आहे आणि फ्रेटचा तिच्याशी काहीही संबंध नाही. ती पाचव्या फ्रेटवरच राहिली, तर माझा अंदाज चुकला असे समजून फ्रेट तपासायला घ्या. या चाचणीला दोन मिनिटे लागतात, एक पैसाही लागत नाही, आणि फ्रेट बदलण्याचा खर्च तिच्यामुळे वाचू शकतो.

सैल भाग शोधण्यासाठी दोन माणसे हवीत. एकाने तो सूर पुन्हा पुन्हा, एकाच जोराने वाजवत राहायचे आणि दुसऱ्याने एकेका भागावर हलकेच दाब द्यायचा. मी बोटाऐवजी पेन्सिलीच्या मागचे रबर वापरतो, कारण बोट जाड असते, ते एका वेळी दोन-तीन भागांना लागते आणि मग नेमके कोणामुळे आवाज थांबला ते कळत नाही. ज्या भागावर रबर टेकताच खुळखुळ थांबते, तो आपला भाग. लगेच दाब काढा, आवाज परत येतो का पाहा, पुन्हा दाबा. तीन वेळा असेच झाले तरच मी स्क्रू ड्रायव्हर हातात घेतो.

तुमच्या गिटारीच्या घडणीत मी सर्वांत आधी सॅडल पाहीन. स्ट्रॅट पद्धतीच्या ब्रिजवर प्रत्येक तारेचे सॅडल दोन बारीक ॲलन स्क्रूंवर उभे असते. ॲक्शन वाढवताना घाईत एकच स्क्रू फिरवला जातो, सॅडल थोडे तिरके होते, आणि सगळा भार एका पायावर जाऊन दुसरा स्क्रू नुसता अधांतरी राहतो. तो आपल्या आट्यांमध्ये थरथरतो. भिंग घेऊन बाजूने पाहिले तर त्या स्क्रूच्या टोकाखाली केसाएवढी फट दिसते. बारीक ॲलन की त्यात घालून किंचित फिरवली, की जो स्क्रू काही अडथळा न होता सहज फिरतो तोच गुन्हेगार असतो. तुमच्याकडे दुसऱ्या दुकानात ॲक्शन वाढवलेली आहे, त्यामुळे इथे शंकेला जागा आहे. स्क्रू टेकेपर्यंत फिरवा, सॅडल ब्रिजच्या तळाला समांतर करा, आणि तो पुन्हा सैल होत असेल तर आट्यांवर रंगहीन नेलपॉलिशचा एक बारीक थेंब लावा. नेलपॉलिश स्क्रू धरून ठेवते आणि पुढे गरज पडली तर तो सहज सुटतोही. कायमचा चिकटवणारा गोंद तिथे कधीही वापरू नये.

सॅडलनंतर पिकअप. पिकअपच्या उंचीच्या स्क्रूंवर स्प्रिंग किंवा रबरी नळी असते. पिकअप फार खाली नेला की ती स्प्रिंग पुरेशी दबत नाही आणि स्क्रूभोवती हलू लागते. माझ्याकडे एकदा अगदी तुमच्यासारखीच गिटार आली होती. तिचा ट्रसरॉड तिघांनी फिरवला होता, नट बदललेला होता, आणि ‘ए’ या सुरावर खुळखुळ मात्र होती तशीच होती. मालक वाजवत होता आणि मी रबर टेकवत होतो. खुंट्या झाल्या, सॅडल झाले, जॅकची पट्टी झाली. मधल्या पिकअपच्या एका स्क्रूच्या डोक्यावर रबर ठेवले आणि आवाज कापल्यासारखा थांबला. पिकगार्ड उघडून पाहिले तर त्या स्क्रूवरची स्प्रिंग तिच्या जागेत बोटाने फिरवता येईल इतकी ढिली होती. ती बाहेर काढून हाताने थोडी ताणली आणि परत बसवली. एवढेच काम होते, आणि त्यासाठी त्या माणसाने आधी बराच खर्च केलेला होता.

बाकीच्या जागा भराभर सांगतो. खुंट्यांच्या समोरच्या बाजूचे षटकोनी नट लाकूड आकसले की सैल होतात. बहुतेक आधुनिक बंद खुंट्यांना १० मिलिमीटरचा पाना लागतो आणि हाताने जेवढे सहज आवळतील तेवढेच आवळावेत. खुंटीच्या कळीचा स्क्रू, हेडस्टॉकवरची तार दाबणारी छोटी पट्टी, जॅकचा नट, पिकगार्डचे स्क्रू, पट्टा अडकवायची बटणे, सिलेक्टर स्विचची टोपी आणि ट्रेमोलोचा (ब्रिज हलवून सूर वर-खाली करणाऱ्या यंत्रणेचा) दांडा, हे सगळे रबराने तपासावेत. दांडा तर आधी काढूनच टाकावा. मागच्या झाकणाआड असलेल्या ट्रेमोलोच्या स्प्रिंगा खुळखुळत नाहीत, त्या सूर थांबल्यावरही घुमत राहतात. त्यांच्याखाली स्पंजचा तुकडा ठेवला की पुरते.

तुम्ही तारा स्वतः बदलल्या आहेत, म्हणून आणखी एक गोष्ट तपासा. जाड तारांवर आत एक सरळ तार असते आणि तिच्यावर दुसरी तार गुंडाळलेली असते. अशी तार खुंटीपाशी न वाकवता थेट कापली, तर गुंडाळी टोकापासून सुटू शकते आणि आतल्या तारेवर सैल होऊन ती तार सगळीकडेच मंद आणि खरखरीत वाजते. तार आधी काटकोनात वाकवावी, मग वाकाच्या पुढे कापावी. कापलेले टोक शेजारच्या खुंटीला किंवा हेडस्टॉकला टेकत नाही ना, तेही पाहावे. अशी एक तार बदलून पाहणे ही सर्वांत स्वस्त दुरुस्ती आहे.

नटाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण हा आवाज आपल्याकडच्या कानांना ओळखीचा असतो आणि म्हणूनच फसवतो. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा रुंद आणि किंचित उतरता असतो. तार तिथून एका बिंदूवर न सुटता त्या उतारावर घासत घासत सुटते, आणि खाली सुताचा धागा सरकवून कारागीर जवारी साधतात. तिथे तीच झणझण हवी असते आणि तीच त्या वाद्याचे प्राण आहे. गिटारीत नेमके उलट हवे असते: नटाच्या खाचेतून आणि सॅडलवरून तार एका स्वच्छ कडेवरून सुटली पाहिजे. खाच मागच्या बाजूला उंच आणि फ्रेटबोर्डच्या बाजूला खोल अशी कापली गेली, किंवा तारेने सॅडलवर रुंद खळगा पाडला, की गिटारीत नकळत जवारी तयार होते आणि ती तार सतारीसारखी वाजू लागते. १९६७ मध्ये कोरल कंपनीने बाजारात आणलेल्या इलेक्ट्रिक सतारीत हा परिणाम मुद्दाम रुंद, सपाट ब्रिज बसवून घडवलेला होता. तुमच्या गिटारीत मोकळी तार सतारीसारखी वाजत असेल तर नट पाहा, आणि दाबलेली तारही सगळीकडे तशीच वाजत असेल तर सॅडल पाहा. आणखी एक शक्यता आहे. नट १० नंबरच्या तारांसाठी कापलेला असेल, तर ९ नंबरची तार त्या रुंद खाचेत आडवी हलू शकते. नटाची खोली पाहायची असेल तर तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मधे दाबा आणि पहिल्या फ्रेटच्या वर नजर लावा. तिथे वर्तमानपत्राच्या कागदाएवढी तरी फट हवी. तार पहिल्या फ्रेटला टेकलेलीच असेल तर खाच खोल गेलेली आहे.

आता झणझण, म्हणजे जाड तारांवर पहिल्या तीन-चार फ्रेटवर येणारा आवाज. इथे तुमच्या बाबतीत चार कारणे एकाच दिशेने ढकलत आहेत, म्हणून मला हे प्रकरण जवळजवळ स्पष्ट दिसते. नेक अगदी सरळ नसावा, तारांच्या ओढीने तो किंचित पुढे वाकलेला असावा, कारण कंप पावणाऱ्या तारेला मधल्या भागात जागा लागते. तुम्ही १० च्या जागी ९ च्या तारा लावल्या. सहा तारांची एकूण ओढ १० ते ४६ च्या संचात साधारण ४६ किलो असते आणि ९ ते ४२ च्या संचात साधारण ३८ किलो. आठ किलोंची ओढ एकदम कमी झाली की ट्रसरॉडचा जोर वरचढ होतो आणि नेक मागे जातो. ट्रेमोलो तरंगता, म्हणजे गिटारीच्या अंगाला न टेकलेला, असेल, तर त्याच ओढीच्या कमतरतेमुळे मागच्या स्प्रिंगा ब्रिजला खाली खेचतात आणि तारा फ्रेटच्या आणखी जवळ येतात. पावसाळ्यात दमट हवेत फ्रेटबोर्डचे लाकूड ओलावा घेऊन फुगते. नेकच्या मागच्या बाजूला पॉलिश असते, फ्रेटबोर्डला बहुतेक वेळा नसते, त्यामुळे फुगण्याचा परिणाम पुढच्या बाजूला जास्त होतो आणि नेक उलट्या बाजूला वाकतो. कोकणपट्टीतून आणि मुंबईतून जुलैमध्ये येणाऱ्या गिटारींमध्ये मला हे वारंवार दिसते. आणि हे सगळे होऊन नेक आधीच मागे गेलेला असताना पहिल्या दुकानात ट्रसरॉड आवळला गेला. ट्रसरॉड आवळल्याने नेक आणखी मागे जातो. त्याने हेतू चांगला ठेवला असेल, पण फिरवण्याची दिशा चुकली. दुसऱ्याने सॅडल उचलून ती चूक झाकली, आणि म्हणूनच आता तुम्हाला बाराव्या फ्रेटच्या पुढे तारा उंच आणि जड वाटत असतील. तसे वाटत असेल तर माझा अंदाज अधिक पक्का समजावा.

अंदाजावर थांबू नका, मोजा. गाडीच्या सुट्या भागांच्या दुकानात फिलर गेज मिळते, मेकॅनिक स्पार्क प्लगची फट मोजायला वापरतात तेच. गिटार सुरात लावा आणि वाजवताना धरता तशी मांडीवर धरा. आडवी टेबलावर ठेवली की नेकवरचा भार बदलतो. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावा, सहावी तार शेवटच्या फ्रेटवर दाबा आणि आठव्या फ्रेटचा माथा व तारेची खालची बाजू यांच्यामधली फट मोजा. फेंडर कंपनीच्या स्वतःच्या मापांनुसार ९.५ ते १२ इंच वक्रतेच्या (आडव्या गोलाईच्या त्रिज्येच्या) फ्रेटबोर्डवर ती ०.२५ मिलिमीटर असावी आणि ७.२५ इंचांच्या जुन्या पद्धतीच्या फ्रेटबोर्डवर ०.३ मिलिमीटर. तुमच्याकडे फट शून्य आली, म्हणजे तार मधल्या फ्रेटांना टेकलेलीच असली, तर ट्रसरॉड सैल करावा लागेल. ज्या टोकाला चावी लागते त्या टोकाकडून पाहता घड्याळाच्या उलट दिशेने, एका वेळी पाव फेरी आणि त्याहून जास्त नाही. फिरवल्यावर पुन्हा सुरात लावा, मोजा, रात्रभर राहू द्या आणि सकाळी परत मोजा, कारण लाकूड आपल्या वेळेने हलते. चावी फिरत नसेल किंवा करकरत असेल तर तिथेच थांबा; ट्रसरॉड तुटला तर त्याची दुरुस्ती फ्रेट बदलण्याहूनही महाग पडते. काही नेकमध्ये ट्रसरॉडचा स्क्रू बुंध्याकडे असतो आणि नेक उघडल्याशिवाय तिथे पोहोचता येत नाही. तुमचा तसा असेल तर हे काम कारागिराकडूनच करून घ्या. आणि ट्रसरॉड पूर्ण सैल सोडू नका. त्याच्यावर काहीच ताण उरला नाही तर तो नेकच्या आत स्वतःच खुळखुळू लागतो; नेकच्या मागे बोटाच्या पेराने टकटक केले की तो आवाज ओळखता येतो.

नेकचा बाक ठीक झाल्यावरच सतराव्या फ्रेटवर तारेची उंची मोजा. ९.५ इंच वक्रतेला साधारण १.६ मिलिमीटर आणि ७.२५ इंचांना साधारण २ मिलिमीटर ही सुरुवात धरा, मग स्वतःच्या हाताप्रमाणे कमी-जास्त करा. हा क्रम कधीही उलटा करू नका: आधी तारा, मग नेक, मग उंची, आणि फ्रेट त्यानंतर. अलीकडची पायरी बदलली की पलीकडची मापे बदलतात, म्हणून नेक न पाहता सॅडल उचलणाऱ्याचे काम हवामान बदलताच वाया जाते.

एवढे करूनही एखाद्या ठरावीक फ्रेटवर झणझण उरली, तर त्यापुढचा एखादा फ्रेट उंच आहे किंवा दाबलेला फ्रेट झिजला आहे. बँकेच्या जुन्या कार्डाची सरळ कड तीन फ्रेटवर आडवी टेकवा. मधला फ्रेट उंच असेल तर कार्ड त्याच्यावर तराजूसारखे डुलते. फ्रेट खाचेतून वर उचललेला असेल, तर तो दाबून चिकटवता येतो. चांगला कारागीर एका फ्रेटसाठी सगळे फ्रेट काढत नाही. अनेक फ्रेट असमान असतील तर ते एका पातळीत घासून पुन्हा गोलवतात, आणि घासायला धातूच उरलेला नसेल तेव्हाच फ्रेट बदलायचे असतात. तुम्हाला फ्रेट बदलायला सांगणाऱ्याने कार्ड किंवा पट्टी लावून पाहिली होती का, हे आठवून पाहा.

थोडक्यात, तुमची खुळखुळ ‘ए’ या सुराच्या मागे जाते, म्हणून सैल भाग शोधायचा आहे. झणझण नेकच्या उलट्या बाकामुळे असण्याची शक्यता मोठी आहे, म्हणून मोजायचे आहे. तिसरा आवाज या दोन्हींशी संबंधित नाही आणि स्क्रू ड्रायव्हरने जाणारही नाही.

तो म्हणजे गुणगुण. तुमच्या पिकअपमध्ये एकच कॉइल असते, आणि तांब्याच्या हजारो वेढ्यांची ती कॉइल खोलीतल्या विजेच्या तारांचे क्षेत्रही तितक्याच प्रामाणिकपणे उचलते. हे तिच्या रचनेतच आहे. त्यावरचा उपाय म्हणूनच गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये दोन उलट्या कॉइल जोडलेल्या हंबकर पिकअपच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून ही गुणगुण ५० आणि १०० हर्ट्झवर बसते. यातून एक गंमतीची आणि कामाची गोष्ट निघते. सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा ‘जी’ ९८ हर्ट्झचा आहे. गुणगुण मोठी असेल आणि तुम्ही तो ‘जी’ हळू वाजवून लांबवला, तर दोघांमधल्या दोन हर्ट्झच्या फरकामुळे सूर सेकंदाला दोन वेळा हेलकावतो. अनेकजण ते फ्रेटचे किंवा तारेचे दुखणे समजतात. ॲम्प बंद करून तोच सूर ऐकला की हेलकावा नाहीसा होतो.

तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होते, हे तुमच्या बाबतीत चांगले लक्षण आहे. गिटारीत ब्रिजपासून अर्थला (भूसंपर्काला) जोडलेली वायर शाबूत आहे, म्हणून तारांना हात लावताच तुमचे शरीरही त्या अर्थशी जोडले जाते आणि त्याने गोळा केलेला आवाज पिकअपपर्यंत पोहोचत नाही. हात लावल्यावर काहीच फरक पडला नसता आणि जॅकच्या पट्टीला हात लावल्यावर मात्र पडला असता, तर मागच्या स्प्रिंगांच्या धातूच्या पट्टीवरचे सोल्डर तुटले आहे असे मी समजलो असतो. हात लावल्यावर आवाज वाढला असता, तर जॅकच्या दोन तारा उलट जोडल्याची शंका घेतली असती.

आता गिटारीचे व्हॉल्यूम शून्यावर आणा. गुणगुण तशीच राहिली तर ती केबलमध्ये, ॲम्पमध्ये किंवा विजेच्या पुरवठ्यात आहे. गेली तर ती पिकअप गोळा करत आहेत. मग गिटार हातात धरून हळूहळू स्वतःभोवती फिरा. एखाद्या दिशेला ती जवळजवळ नाहीशी होईल आणि काटकोनात पुन्हा वाढेल. वाढते त्या दिशेला काय आहे ते पाहा आणि एकेक वस्तू बंद करत जा: पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, एलईडी दिव्याचा डिमर, लॅपटॉपचा चार्जर, ॲम्पचा स्वतःचा ट्रान्सफॉर्मर. लॅपटॉपमधून वाजवत असाल तर चार्जर काढून बॅटरीवर ऐका. अनेकदा तेवढ्यानेच उत्तर मिळते. मधला पिकअप उलट वेढ्यांचा असेल, तर स्विच दुसऱ्या किंवा चौथ्या जागी ठेवल्यावर गुणगुण एकदम बसते, आणि अशा गिटारीत वायरिंगचा दोष शोधत बसू नये. पिकगार्डच्या आतल्या पोकळीला तांब्याची चिकटपट्टी लावून ती अर्थला जोडली, तर वरचा तीक्ष्ण आवाज बराच कमी होतो. खालची ५० हर्ट्झची गुणगुण मात्र त्याने जात नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

एका गोष्टीबद्दल मी आग्रही आहे. ॲम्प ज्या सॉकेटला लावता त्याला खरोखर अर्थिंग आहे का, ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. जुन्या घरांमध्ये तीन भोकांचे सॉकेट असते आणि तिसऱ्या भोकामागे तारच नसते. तारांना हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखे वाटत असेल, किंवा टेस्टर तारांना लावल्यावर पेटत असेल, तर वाजवणे तिथेच थांबवा. गुणगुण जाते म्हणून ॲम्पची अर्थची पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो ऐकू नका. २३० व्होल्टच्या पुरवठ्यात ती पिन तुमच्या जिवासाठी असते. गायकाचा माइक एका सॉकेटवर आणि गिटारचा ॲम्प दुसऱ्या सॉकेटवर असेल, तर ओठ माइकला टेकताच बसणारा झटका मी पाहिलेला आहे.

या आठवड्यात तुम्ही सहावी तार उतरवून ती चाचणी करा आणि आठव्या फ्रेटवरची फट मोजा. खुळखुळ सहाव्या फ्रेटवर सरकली का आणि फट किती मिलिमीटर आली, एवढे दोन तपशील लिहा. फ्रेटबोर्डची वक्रता माहीत असेल तर तीही कळवा. ट्रसरॉड किती फिरवायचा ते त्या आकड्यावरून सांगता येईल. तोपर्यंत सॅडल, ट्रसरॉड आणि फ्रेट यांपैकी कशालाही कोणाला हात लावू देऊ नका.